कुरकुरीचा खटला

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पासष्टीचे गृहस्थ चालत्या सायकलच्या पेडलपाशी कान नेऊन, कमरेत वाकून, डोळे मिटून धावताना दिसले, तर घाबरू नका. वॉचमनला हाक मारू नका. ॲम्ब्युलन्स तर अजिबात बोलावू नका. मागे एकदा बी विंगमध्ये नवीन राहायला आलेल्या बाईंनी ती बोलावलेली, आणि मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून या गृहस्थांनी ड्रायव्हरलाच अर्धा तास अडकवून ठेवलेलं. ते अशोक रणपिसे. आमचे रणपिसेकाका. त्यांना काहीही झालेलं नाही. ते सायकल ऐकतायत.

डोळे मिटून धावणारा माणूस खांबावर आपटत कसा नाही, असं तुम्ही विचाराल. आपटतो की! पार्किंगच्या खांबांना बिल्डरनं पिवळे-काळे पट्टे मारलेत ते गाड्यांसाठी, पण त्यांचा खरा उपयोग काकांच्या कपाळाला झाला असता, जर काकांनी डोळे उघडे ठेवले असते तर. ते म्हणतात, डोळे उघडे असले की कान आळशी होतात. टेंगूळ आलं की बर्फ लावतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

आता आमच्याकडे एवढ्या सायकली आल्या कुठून, तेही सांगतो. आमची सोसायटी कोलशेतला, खाडीच्या अंगाला. तिथल्या यच्चयावत पुरुषांची चाळिशी साधारण एकाच वेळी उलटली, रक्ताच्या रिपोर्टमध्ये लाल अक्षरं दिसायला लागली आणि सगळ्यांना एकदम डोंगर आठवले. साधी सायकल घेईल तो गरीब! आम्ही माउंटन बाइक घेतल्या. टायर असे, की बर्फातून जातील. गिअर इतके, की निम्मे अजून कोणी वापरून बघितलेले नाहीत. आणि डोंगर कुठला? तर माजिवड्याचा फ्लायओव्हर. एकदा येऊरच्या चढावर गेलेलो, पण त्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही. पोटऱ्यांना सगळं आठवतं.

दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. या सायकली वाजतात. पहिले दोन महिने लोण्यासारख्या चालतात आणि मग एके दिवशी पेडल मारलं की खालून कुठून तरी 'कुर्र'. पुन्हा मारलं, पुन्हा 'कुर्र'. फ्लायओव्हर चढताना शेजारून रिक्षावाला जातो, त्याच्या रिक्षाचं सगळं अंग खडखडत असतं, आणि तो तुमच्याकडे कीव करून बघतो. एवढा अपमान सहन करून माणूस घरी येतो, पार्किंगमध्ये शिरतो, आणि समोर रणपिसेकाका उभे. आम्ही सायकल त्यांच्याकडे नेत नाही हो. ते पकडतात.

काका ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. उभी नोकरी त्यांनी न्यायाधीश पुटपुटतील ते लिहून घेण्यात घालवली. वकील ओरडतायत, वरचा पंखा घरघरतोय, साहेब तोंडातल्या तोंडात बोलतायत, आणि तरी आपला एक शब्द सुटला नाही, असं ते सांगतात. हे मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. रिटायर झाले तेव्हा कोर्टानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं, आणि मला वाटतं काका येताना अख्खं कोर्टच पिशवीत घालून घरी घेऊन आले.

मी पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडलो तेव्हाचा प्रसंग सांगतो. म्हटलं, "काका, सायकल आवाज करतेय."

"आवाज?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोर्टात चप्पल काढून फेकलीय. "आवाज म्हणजे काय? बाळ रडतं तोही आवाज, आणि तुझी सासू येते तोही आवाज. नीट सांग. कुरकुर, करकर, कटकट की खुळखुळ?"

"तसं... कुरकुर."

"शपथेवर?"

मी पार्किंगमध्ये, ऑफिसच्या कपड्यांत, शपथेवर 'कुरकुर' म्हणालो. शेजारून कचऱ्याची गाडी चाललेली, त्यातला माणूस थांबून ऐकत होता.

त्यांच्या हिशेबानं कुरकुर म्हणजे दोन कोरडे भाग एकमेकांवर घासतायत. कटकट म्हणजे काहीतरी ढिलं झालंय. खुळखुळ म्हणजे नळीच्या आत काहीतरी सुटून पडलंय. आणि चूं चूं म्हणजे चेनला तेल नाही. ती केस ते घेतच नाहीत, "हे खालच्या कोर्टात ने," म्हणून हाकलून देतात. खरी मोठी केस म्हणजे कुरकुर. ती पेडलमध्ये होते आणि हँडलमध्ये ऐकू येते. सीटखाली होते आणि वाटतं चाकातून येतेय. सायकलची नळी पोकळ, त्यामुळे आवाज अंगभर फिरतो आणि भलत्याच ठिकाणी तोंड बाहेर काढतो.

म्हणून काकांचा नियम: एका वेळी एकच आरोपी. आधी पेडलं काढायची, आटे पुसायचे, ग्रीस लावायचं, बसवायची, आणि मालकानं पार्किंगला फेरी मारायची. शेजारून काका धावणार. आवाज आला की, "पेडल निर्दोष. पुढचा!" मग क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांड्याला असतं तो. मग हँडलचे बोल्ट. मग सीटची दांडी. दोन गोष्टी एकदम करायच्या नाहीत, कारण मग आवाज गेला तरी गुन्हा कोणी केलेला ते कळत नाही. मी एकदा म्हटलं, काका, आवाज गेला की झालं ना, कोणी केला त्याचं काय करायचंय? काका माझ्याशी पुढचा पूर्ण आठवडा बोलले नाहीत. लिफ्टमध्ये भेटलो तरी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे.

या सगळ्यात त्यांचा एक आरोपी लाडका. बॉटम ब्रॅकेट. दोन्ही पेडलं जोडणारा, सायकलच्या पोटात सगळ्यात खाली बसवलेला आस. कुरकुर आली की दुकानवाले पहिल्या दिवशी त्यालाच फासावर देतात, नवीन बसवतात, आणि आवाज तसाच. काकांना याचा भयंकर राग. "सगळ्यात खाली असतो, चिखल खातो, अख्ख्या माणसाचं वजन घेतो," असं ते हातवारे करून सांगतात, "म्हणून सगळे आधी त्यालाच धरतात! पुरावा दाखवा, मग बोला." हे बोलताना त्यांचा आवाज असा चढतो की विषय सायकलचा आहे की दुसराच कसला, असा प्रश्न पडतो. आम्ही गप्प बसून ऐकतो.

सी विंगच्या टिपणिसांची जुनी केस तर सोसायटीत गाजली. त्यांच्या सायकलला कटकट. काकांनी रविवारमागून रविवार ती सायकल सोलली. पेडल निर्दोष, क्रँक निर्दोष, सीट, हँडल, चाकं, सगळे बाइज्जत बरी. कटकट चालूच. शेवटी काका वैतागले आणि टिपणिसांना म्हणाले, "सायकल राहू दे. जिना चढून दाखवा." टिपणीस चढले. कट्. कट्. कट्. काका खालून ओरडले, "आरोपी तुमच्याच गुडघ्यात आहे!" टिपणिसांना हाडाच्या डॉक्टरकडे जावं लागलं, डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली, आणि त्या दिवसापासून टिपणीस काकांशी बोलत नाहीत. मिसेस टिपणीस मात्र दिवाळीला चकल्या पाठवतात.

मीही एक पराक्रम केलाय, लपवत नाही. एका शनिवारी काकांच्या तारखांना कंटाळून मी गंज सोडवायच्या तेलाचा स्प्रे आणला आणि जिथे जिथे काही हलताना दिसलं तिथे तिथे फवारला. सायकल एकदम गप्प झाली. मी काय खूश! मग उतारावरून खाली आलो, ब्रेक दाबले, आणि कळलं की ब्रेकही गप्प झालेत. चाकाच्या डिस्कवर तेल उडालेलं. मी वॉचमनच्या केबिनमध्ये सायकलसकट शिरलो, आणि त्याचा उपमा माझ्या मांडीवर. काका वरून धावत आले. मला लागलंय का, हे विचारणारे ते शेवटचे. आधी त्यांनी सायकलचा वास घेतला, मग कपाळाला हात लावून म्हणाले, "पुरावा नष्ट केलास रे!"

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काय तिखट कान असतील या माणसाचे! मलाही तसंच वाटायचं. मग एका संध्याकाळी मी त्यांचा पाना परत द्यायला वर गेलो. बेल वाजवली. जाळीच्या दारातून काका समोर सोफ्यावर पेपर वाचताना दिसत होते. मी पुन्हा बेल वाजवली. काकांनी पान उलटलं. मी बेलवर बोट ठेवून उभाच राहिलो, समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, कुत्रं भुंकलं, आणि काका शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. शेवटी स्वयंपाकघरातून शालनकाकू आल्या. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मला आत घेतलं नाही, त्याच बाहेर लिफ्टपाशी आल्या.

"त्यांचे कान चाललेत रे," त्या म्हणाल्या. "दोन्ही. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. मशीनसुद्धा आणलंय, ते कपाटात पडलंय. लावत नाहीत."

"का पण?"

"म्हणे, लोकांना कळेल. आणि बहिऱ्याकडे सायकल ऐकवायला कोण आणेल? रविवार गेला तर मी काय करू, असं विचारतात मला." काकूंनी पदराला हात पुसले. "कोणाला सांगू नकोस हं. पण तू बोलून बघ त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

माझं! अहो, या माणसानं माझं कधी काही ऐकलं असतं तर मी शपथेवर कुरकुर कशाला म्हणालो असतो? पण काकूंना काय सांगणार? हो म्हणालो आणि पाना खिशात घेऊन तसाच खाली आलो.

त्यानंतर मी काकांकडे नीट बघायला लागलो. आणि लक्षात आलं. धावताना ते कान पेडलपाशी नेतात खरे, पण दोन बोटं सायकलच्या नळीला लावलेली असतात. कान आम्हाला दाखवायला होते. काम बोटं करत होती. कुरकुर झाली की नळी थरथरते, ती त्यांना बोटांत कळायची. पण धावताना, खड्ड्याखुड्ड्यात, बोटांना सगळंच लागतं, आणि मग अंदाज चुकतो. हल्ली तो चुकायला लागलेला. आमच्यातले दोघेतिघे गुपचूप दुकानात जाऊन सायकल नीट करून आणायला लागलेले, आणि काकांपुढे "आपोआप थांबला आवाज" म्हणायचे. रविवारची गर्दी पातळ होत चाललेली. काकांना ते दिसत होतं, कारण डोळे त्यांचे उत्तम आहेत. ते रविवारी अजून लवकर खाली येऊन बसायला लागले. मला माहीत होतं की हा माणूस एक रविवार वाचवायला धडपडतोय, आणि मी कोणाला सांगूही शकत नव्हतो. डोक्याला नुसता ताप.

अशात गणपती गेले आणि माझी सायकल कुरकुरायला लागली. मी ती काकांकडेच नेली. दुसरीकडे नेली असती तर काकूंना तोंड कसं दाखवलं असतं? खटला उभा राहिला. पेडलं सुटली, क्रँक सुटले, सीटची दांडी सुटली. आवाज चालूच. टेंभी नाक्याला देवी बसली आणि उठली, माझी कुरकुर तिथेच. बघायला येणारे कंटाळले. आमच्यातला राजेश भोईर एका रविवारी तोंडावरच म्हणाला. राजेश म्हणजे इथला मूळचा. आमची सोसायटी आहे तिथे त्याच्या आजोबांची मिठागरं होती. सगळ्यात भारी सायकल त्याची आणि सगळ्यात कमी चालवतो तोच, कारण बुलेट आहे. तो म्हणाला, "काका, आता कशाला तरास घेता? माजिवड्याला नवीन दुकान झालाय. सायकल टांगून बघतान तिकरं."

काका हसून म्हणाले, "हो हो, ग्रीसच लावलंय."

सगळे हसले. काकाही हसले, आपण काहीतरी विनोद केला असं वाटून. मला असा राग आला की हातातला पाना राजेशच्या पायावर टाकावा. मी तो टाकला नाही एवढंच.

पुढच्या रविवारी काका ठरवूनच आलेले. चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते तिचे बोल्ट त्यांनी एकेक करून आवळले. मग मला म्हणाले, "मार फेरी." मी मारली. काका शेजारून धावले, कान खाली, बोटं नळीला, धाप लागलेली. अर्ध्या फेरीत त्यांनी हात वर केला. "थांबला! ऐका सगळे! आहे काही? सायकल निर्दोष सुटली!"

आणि मी पेडल मारलं. कुर्र. पुन्हा मारलं. कुर्र. इतकी स्वच्छ कुरकुर मी आयुष्यात ऐकलेली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा खाली बघायला लागली. सगळ्यांनी ऐकलेलं, काका सोडून. ते घामेजलेल्या तोंडानं आमच्याकडे बघत होते, आळीपाळीनं, एकेकाच्या चेहऱ्याकडे.

मी मोठ्यानं म्हणालो, "बंद झाला, काका! एकदम बंद!"

आणि राजेश, ज्याच्या पायावर मी पाना टाकणार होतो, तो म्हणाला, "हां काका. तुमच्यासारखा कोन नाय बगा." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. मग पाच मिनिटांत सगळे पांगले, प्रत्येकाला घरी काम निघालं. इतकं चांगलं वागून झाल्यावर तिथे थांबवत नाही.

मीही निघालेलो. काका म्हणाले, "थांब. इकडे आण ती."

सायकल त्यांनी खांबाला टेकवायला लावली. "बस सीटवर. ब्रेक धर. पेडलवर जोर दे." मी दिला. काकांनी सीटखालच्या नळीवर पूर्ण तळवा ठेवला. कुर्र. काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"खोटी साक्ष," ते म्हणाले.

"काका, तसं नाही..."

"हाताला लागतंय मला. धावताना नाही कळलं, आता लागतंय. आणि तू ऐकलंस. सगळ्यांनी ऐकलं. भोईरला तर खोटं बोलताच येत नाही, तो माझ्या चपलांकडे बघून बोलला."

ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. आवाज चढवला नाही. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घरी काय होतं सांगू? टीव्हीवर काहीतरी लागतं, सगळे हसतात. मी विचारतो, काय झालं? तर म्हणे, काही नाही. शालन फोनवर बोलते, बोलता बोलता डोळे पुसते. काय गं, कोणाचा फोन? काही नाही. वाईट नाही रे ती. एकदा सांगते, दोनदा सांगते, किती ओरडणार? अख्खी नोकरी मी लोक बोलले ते शब्द न् शब्द लिहिलं. साक्षीदार खोकला तर खोकला लिहिला. आणि आता मला दिवसभर सगळे सारांश सांगतात. काही नाही. तेवढंच एक मला स्पष्ट ऐकू येतं." त्यांनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले. "घरचे करतात ते करतात. तू नको करूस. वाजतंय तर वाजतंय म्हण."

टोमणे मारण्यात माझा हात कोणी धरत नाही, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. त्या वेळी मला रडू आलं. आलं तर आलं.

मग म्हटलं, "वाजतंय, काका. चांगलंच वाजतंय." आणि लगेच, काकूंना शब्द दिलेला म्हणून, "मशीन का नाही लावत तुम्ही?" हे मोठ्यानं, तोंडासमोर जाऊन.

"तिनं सांगितलं होय तुला? लावलेलं. पेपरचं पान उलटलं की पत्रा पडल्यासारखं होतं. ती बोलते तेव्हा पंखाही बोलतो, नळही बोलतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. होईल. लावीन." मग म्हणाले, "पण कुरकुर कुठून येते ते त्यात कळत नाही. चारी बाजूंनी येते. मग माझं काम काय राहिलं?"

"तुम्ही हात लावा, मी ऐकतो," मी तसंच मोठ्यानं म्हणालो.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साक्षीदार म्हणून माझी लायकी काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण दुसरा साक्षीदार हजर नव्हता. "बरं. कधी येतो? नीट सांग."

मी फेऱ्या मारल्या. बसून मारल्या, उभं राहून मारल्या. परत येऊन त्यांच्या तोंडासमोर ओरडलो, "बसलं की येतो! उभं राहून पेडल मारलं की येत नाही! डाव्या पायाला जास्त!"

"उभं राहिल्यावर येत नाही? शंभर टक्के?"

"शपथेवर!"

काकांचे डोळे असे चमकले, जणू मोठा खटलाच जिंकले. "मग आरोपी पायाशी नाहीच. बुडाशी आहे!" सीटची दांडी त्यांनी मागेच निर्दोष सोडलेली. पण सीटच्या खाली ज्या दोन सळया असतात, त्या दांडीच्या वरच्या चिमट्यात धरलेल्या असतात, आणि तो चिमटा कोणी उघडलाच नव्हता. काकांनी उघडला. आत बारीक रेती. खाडीकडची. पुसलं, ग्रीस लावलं, आवळलं. मी बसलो, जोर दिला. काकांचा तळवा नळीवर.

"हाताला गप्प लागतंय. कानाला?"

"कानालाही गप्प!"

आम्ही दोघं नुसते हसत बसलो, दोन वेडे. तेवढ्यात काकांच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला. डोंबिवलीहून त्यांची मुलगी करुणा दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. पण स्क्रीनवर नात होती, मैत्री, पहिलीतली. ती भराभर बोलायला लागली. काका फोन लांब धरून हसत होते, माना डोलवत होते, मध्ये मध्ये "अरे वा!" म्हणत होते. त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मैत्री म्हणाली, "आबा, आणि त्यातलं एक पिल्लू मेलं."

"छान छान!" काका म्हणाले. "हुशार आहेस!"

मैत्री बोलायची थांबली. तिचा चेहरा बघता बघता पडला. काकांना ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं. त्यांचं हसू तिथेच राहिलं. फोन माझ्याकडे वळवून ते म्हणाले, "काय म्हणाली ती?"

काय सांगू तुम्हाला! माझ्या तोंडात ते दोन शब्द तयार होते. अगदी ओठांवर. माणसाला किती सवय असते. मी ते गिळले आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडलो, "मांजरीला पिल्लं झालेली, काका! त्यातलं एक मेलं म्हणते!"

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला, चेहऱ्याजवळ आणला.

"मैत्री," ते म्हणाले, "आबाला ऐकू येत नाही बाळा. आबाचे कान बिघडलेत. मी उगाच छान छान म्हणालो. मला पुन्हा सांग. सावकाश. इथे एक काका आहेत, ते मला ओरडून सांगतील."

मागे करुणाचा आवाज आला, "बाबा?" पण मैत्री लगेच सांगायला लागली. तिला कोणीतरी नीट ऐकणारं हवंच होतं. आणि मी सांगायला लागलो, तिचा एकही शब्द न गाळता. "बाबांच्या ऑफिसच्या बुटात होती पिल्लं! दोन काळी, एक भुरं! भुरं होतं ते गेलं! त्याला कुंडीत पुरलं! आई म्हणाली रडू नको, पण आईपण रडली!"

"कुठल्या कुंडीत?" काकांनी विचारलं.

"कुठल्या कुंडीत गं? ... काका, कढीपत्त्याच्या!"

माझा घसा बसला, तरी मी ओरडतच होतो. पार्किंगमध्ये ते इतकं घुमलं की गेटवरून वॉचमन धावत आला. दम खात विचारायला लागला, "काय झालं साहेब? काय झालं?"

मी त्यालाही सगळं सांगितलं.